नवं फुटबॉल स्टेडियम एवढं महाग का पडतं? ग्वाल्हेरकरांचे नेहमीचे प्रश्न

शंकरपूरला श्रीमंत माधवराव सिंधिया क्रिकेट स्टेडियम उभं राहिलं, ६ ऑक्टोबर २०२४ ला तिथे भारत-बांगलादेश टी-ट्वेंटी सामना झाला, आणि तेव्हापासून ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या फुटबॉलवाल्या पोरांचा एकच धोशा आहे : आमचं कधी? माझं काम बांधकामांची एस्टिमेटं काढण्याचं, त्यामुळे हे प्रश्न फिरून माझ्याकडेच येतात. दौलतगंजातले काका विचारतात, नया बाजारातले दुकानदार विचारतात, एलएनआयपीईत, म्हणजे इथल्या शारीरिक शिक्षणाच्या संस्थेत, शिकणारी मुलं तर व्हॉट्सअ‍ॅपवर परदेशी स्टेडियमचे फोटो पाठवून विचारतात. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा उत्तरं एकदाच लिहून ठेवतो.

एका दमात सांगा, स्टेडियमं महाग का होत चालली आहेत?

मैदान महाग झालेलं नाही, मैदानाभोवतीचं सगळं महाग झालं आहे. खेळाला १०५ बाय ६८ मीटरचा हिरवा तुकडा लागतो. तो पन्नास वर्षांपूर्वी तेवढाच होता, आजही तेवढाच आहे. वाढलंय ते छप्पर, बड्या पाहुण्यांसाठी हॉटेलसारखे बॉक्स, स्वयंपाकघरं, टीव्हीवाल्यांच्या गाड्यांची जागा, लिफ्ट, पडदे, आणि सामना नसेल त्या दिवशी कमाई व्हावी म्हणून केलेली सोय. सरिया (लोखंडी सळ्या) आणि सिमेंटची भाववाढ खरी आहे, पण ती या गोष्टीतलं दुय्यम पात्र आहे.

खरंच वाढलाय खर्च, की पैशाची किंमत घसरल्यामुळे आकडा मोठा दिसतो?

रास्त शंका. म्हणून एकूण आकडा सोडून द्यायचा आणि खुर्चीमागे किती पडले ते काढायचं.

लंडनमध्ये आर्सेनलचं एमिरेट्स स्टेडियम २००६ मध्ये उघडलं. साधारण ३९ कोटी पौंड, ६० हजार खुर्च्या, म्हणजे खुर्चीमागे साडेसहा हजार पौंड. त्याच शहरात, थोड्याच मैलांवर, टॉटनहॅमचं नवं स्टेडियम एप्रिल २०१९ मध्ये उघडलं. ६२,८५० खुर्च्या, खर्च एक अब्ज पौंडांच्या घरात. खुर्चीमागे जवळपास सोळा हजार. मधल्या तेरा वर्षांत इंग्लंडातली सर्वसाधारण महागाई ३५ टक्क्यांच्या आसपास वाढली. त्या हिशेबाने साडेसहा हजारांचे नऊ हजार व्हायला हवे होते. उरलेले सात हजार महागाईच्या खात्यात टाकता येत नाहीत. तो निवडीचा खर्च आहे, कुणीतरी ठरवून केलेला.

मँचेस्टर युनायटेडने मार्च २०२५ मध्ये एक लाख खुर्च्यांच्या नव्या स्टेडियमची घोषणा केली, आकडा सांगितला दोन अब्ज पौंड. म्हणजे खुर्चीमागे वीस हजार. आणि हा अजून कागदावरचा आकडा आहे. कागदावरचा आकडा जमिनीवर उतरताना कमी झालेला निदान माझ्या पाहण्यात नाही.

अमेरिकेचं तर सोडाच. लॉस एंजेलिसजवळचं सोफाय स्टेडियम २०२० मध्ये उघडलं. त्यांच्या अमेरिकन फुटबॉलसाठी बांधलेलं, पण २०२६ च्या विश्वचषकाच्या मैदानांतही निवडलेलं. खर्च पाच अब्ज डॉलरच्या आसपास धरला जातो, खुर्च्या सत्तर हजार. भागाकार तुम्हीच करा.

पण काका, सरियाचे भाव वाढले त्याचं काय?

वाढले, आणि २०२१-२२ मध्ये तर विचित्र वाढले. आधी कोरोनामुळे कारखाने अडखळले, मग फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचं युद्ध, त्यात कोळसा आणि मालवाहतूक महाग. त्या काळात ज्यांनी जुन्या भावाने ठेके घेतले होते त्यांची झोप उडाली. पण लोखंड नंतर खालीही आलं. एकदा वर गेलेलं जे खाली येत नाही ते म्हणजे मजुरी आणि कर. सरकारी बांधकामांच्या ठेक्यांवर जुलै २०२२ पर्यंत साधारण १२ टक्के जीएसटी होता, तो १८ झाला. सिमेंटवर मात्र सप्टेंबर २०२५ पासून २८ चा १८ झाला, तेवढाच दिलासा.

आपल्या भागाचं आणखी एक दुखणं आहे, रेती. चंबळच्या घडियाळ अभयारण्यातून रेती काढायला बंदी आहे, आणि ती असायलाच हवी. त्यामुळे कायदेशीर रेती लांबून आणावी लागते. गिट्टीचं, म्हणजे खडीचं, तसं नाही, बिलौआच्या क्रशरवरची काळी गिट्टी हाताशी आहे. एस्टिमेट काढताना ग्वाल्हेरचा फायदा कुठे आणि तोटा कुठे हे अशा बारीक जागी कळतं. भोपाळहून आलेल्या डीपीआरमध्ये, म्हणजे प्रकल्प अहवालात, ते बहुधा सापडत नाही.

सगळ्यात जास्त पैसा नेमका कुठे जातो?

माझ्या मते छपरात. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण बाकी सगळं यातून फुटतं.

जुन्या स्टेडियममध्ये प्रेक्षकांच्या मधोमध खांब असायचे. खांबामागे बसलेल्याला गोल दिसायचा नाही, शेजाऱ्याच्या ओरडण्यावरून कळायचा. आज खांब कुणालाच नको. मग छप्पर मागच्या बाजूला धरून पुढे हवेत लांबवावं लागतं, ज्याला इंजिनिअर कॅन्टिलिव्हर म्हणतात. आता गंमत अशी की ही लांबी दुप्पट केली तर मुळाशी येणारा वाकवणारा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. आणि टोक खाली झुकायचं प्रमाण, बाकी सगळं तेच ठेवलं तर, सोळापट. ते झुकू नये म्हणून लोखंड वाढवायचं. लोखंड वाढलं की छपराचं स्वतःचं वजन वाढतं, ते पेलायला पुन्हा लोखंड. वरून वारा नुसता खाली दाबत नाही, उचलतोही. मे-जूनमधली आपली आंधी ज्यांनी पाहिली आहे त्यांना पत्रे कसे उडतात ते सांगायला नको. म्हणजे छप्पर पडू नये म्हणून एक खर्च आणि उडू नये म्हणून दुसरा.

लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमने यावर कमान काढली. १३३ मीटर उंच, ३१५ मीटर पसरलेली, शहरभरातून दिसणारी. सुंदर आहे यात वाद नाही. पण त्याच लोखंडी कामावरून मुख्य ठेकेदार आणि पोटठेकेदार यांच्यात अशी जुंपली की कोर्टकचेऱ्या वर्षानुवर्षं चालल्या.

आता प्रश्न असा की ग्वाल्हेरला चारी बाजूंनी छप्पर लागतं का? आपल्याकडे फुटबॉलचा मोसम प्रामुख्याने थंडीचा. मैदान उत्तर-दक्षिण आखलेलं असतं, म्हणजे मावळतीचं ऊन गोलकीपरच्या डोळ्यांत जात नाही. मुख्य स्टँड पश्चिमेला ठेवला की सूर्य प्रेक्षकांच्या पाठीशी राहतो. तेवढ्या एका स्टँडला छप्पर पुरतं. जानेवारीतल्या दुपारी बाकीचे तीन स्टँड उघडे असतील तर लोक तक्रार करणार नाहीत, उलट उन्हाची जागा पकडायला लवकर येतील.

वीस हजारांऐवजी चाळीस हजारांचं बांधलं तर खर्च दुप्पटच ना?

नाही, आणि बैठकांमध्ये सगळ्यात जास्त फसगत इथे होते. पहिल्या दहा हजार खुर्च्या स्वस्तात बसतात. मैदान थोडं खाली घ्या, निघालेल्या मातीचा बांध घाला, त्यावर पायऱ्या चढवा. जमीनच अर्धं काम करते. शेवटच्या दहा हजार खुर्च्या मात्र हवेत असतात. त्यांच्याखाली कॉलम, बीम, जिने, लिफ्ट, पाण्याचे पंप, वेगळे संडास, वेगळे बाहेर पडायचे मार्ग.

शिवाय मागच्या माणसाला पुढच्याच्या डोक्यावरून चेंडू दिसला पाहिजे. जितकं मागे जाल तितका उतार तीव्र करावा लागतो, म्हणजे उंची नुसती वाढत नाही, वेगाने वाढत जाते. त्यात वरच्या मजल्यावरून मैदान इतकं लांब पडतं की तिकीट सगळ्यात स्वस्त विकावं लागतं. सगळ्यात महाग बांधलेली खुर्ची सगळ्यात स्वस्त विकायची, असा हा धंदा आहे. म्हणूनच परदेशी क्लब मधल्या मजल्यावर काचेचे बॉक्स घालतात, तिथली मंडळी वरच्यांचा खर्च भरून काढतात.

गवतावर कशाला एवढा खर्च? आमच्या शेतात फुकट उगवतं.

शेतात उगवतं कारण शेतावर छप्पर नसतं आणि बावीस जण खिळ्यांचे बूट घालून नाचत नाहीत.

खरं काम गवताखाली असतं. गिट्टीचा थर, त्यावर रेतीचा, खाली भोकं असलेल्या पाइपांचं जाळं, आणि डोळ्याला न दिसणारा पण पाण्याला कळणारा उतार. हे नीट केलं तर मुसळधार पावसानंतरही थोड्या वेळात खेळ सुरू होतो. नाही केलं तर कितीही महागाच्या खुर्च्या लावा, समोर डबकं. माझं म्हणणं, पैसे कमी असतील तर स्टँड अर्धा करा, पण ड्रेनेजला हात लावू नका. नंतर ते बदलायचं म्हणजे सगळं मैदान उखडायचं.

बड्या स्टेडियमांनी स्वतःवरच ओढवून घेतलेला खर्च निराळा. उंच छपरामुळे गवताला ऊन मिळत नाही, मग रात्रंदिवस चाकांवरचे दिवे फिरवायचे. टॉटनहॅमने गवताचं मैदान तीन तुकड्यांत करून स्टँडखाली सरकवण्याची सोय केली, खाली अमेरिकन फुटबॉलचं दुसरं मैदान आहे. माद्रिदच्या बर्नाबेऊमध्ये गवत पट्ट्यापट्ट्यांनी तळघरात उतरतं. इंजिनिअर म्हणून मी तोंडात बोट घालतो. एस्टिमेटवाला म्हणून तेच बोट कॅल्क्युलेटरवर जातं.

ग्वाल्हेरला हरळी चालते, बर्म्युडा जातीची. पण डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत ती पिवळी पडते, आणि नेमका तोच आपला मोसम. त्यावर थंडीत वाढणारं राय गवत पेरून काम भागवतात. पाण्याचं मात्र आधी ठरवावं लागेल. कमी पावसाच्या वर्षी तिघरा धरणाकडे डोळे लावून बसणाऱ्या शहरात पिण्याचं पाणी मैदानावर ओतलं तर लोक खुर्च्या नव्हे, टँकर मोजतील. सांडपाणी शुद्ध करून वापरायची लाइन पहिल्याच नकाशात असली पाहिजे.

कृत्रिम टर्फ टाकलं तर?

सरावाला उत्तम. मुख्य मैदानाला माझं मत नाही. मे महिन्यात ते तापतं आणि काही वर्षांनी अख्खं बदलावं लागतं.

ठेका एकाच ठरलेल्या रकमेला दिला की वाढ ठेकेदाराच्या बोकांडी, बरोबर?

कागदावर बरोबर. वेम्ब्लीने हेच केलं होतं. ऑस्ट्रेलियाच्या मल्टिप्लेक्स कंपनीने २००२ मध्ये ४४.५ कोटी पौंडांना ठरलेल्या किमतीचा ठेका घेतला. काम लांबलं, २००६ चा एफए कप अंतिम सामना कार्डिफमध्येच खेळवावा लागला, स्टेडियम २००७ मध्ये उघडलं. कंपनीला दहा कोटी पौंडांहून जास्त तोटा झाला, आणि तरीही जमीन, सल्लागार, व्याज, बाकी कामं धरून प्रकल्पाचा आकडा ७५ कोटी पौंडांच्या वर गेलाच. बोध एवढाच की ठरलेली किंमत बांधकामाची असते, वेळेची नसते. आणि एवढा मार खाल्लेला बाजार पुढच्या वेळी ठरलेल्या किमतीत भीतीचा हिस्सा आधीच मिसळून टेंडर भरतो.

टॉटनहॅमची गोष्ट वेगळी. तिथे मालकानेच मधे नकाशा बदलला. अमेरिकन फुटबॉलचा करार झाला, मैदान सरकतं करायचं ठरलं, खुर्च्या वाढल्या. सुरुवातीला ४० कोटी पौंडांची भाषा होती. सप्टेंबर २०१८ ला उघडायचं होतं, पण आग आणि सुरक्षा यंत्रणांमध्ये दोष निघाले आणि पुढचा एप्रिल उजाडला.

आपल्याकडे याला 'एक्स्ट्रा आयटम' म्हणतात. पाया भरल्यावर कुणीतरी साहेब पाहणीला येतात आणि म्हणतात, इथे जरा व्हीआयपी लाउंज मोठं करा. ते 'जरा' सगळ्यात महाग.

परदेशात हे पैसे देतं कोण?

इंग्लंडात बहुतेक वेळा क्लब, म्हणजे कर्ज. आणि कर्ज म्हटलं की व्याज. बँक ऑफ इंग्लंडचा दर २०२१ मध्ये ०.१ टक्का होता, ऑगस्ट २०२३ मध्ये ५.२५ झाला. एवढ्या फरकाने वीस-तीस वर्षांच्या कर्जाचं गणितच पालटतं.

रियल माद्रिदने बर्नाबेऊच्या नूतनीकरणासाठी तीन टप्प्यांत मिळून १.१७ अब्ज युरोचं कर्ज उचललं. पहिल्या टप्प्यात ५७.५ कोटी होतं, यावरूनच समजा. फेडायची योजना अशी की वर्षभर मैफली, कार्यक्रम, पर्यटक. पण मैफलींच्या आवाजाने शेजारपाजारचे हैराण झाले, प्रकरण न्यायालयात गेलं आणि सप्टेंबर २०२४ पासून मैफली थांबवाव्या लागल्या. आपल्याकडे लग्नाच्या मंडपातला डीजे बंद करायला पोलीस येतात, तिथेही शेवटी तेच झालं.

भारतात मात्र क्लबांची स्वतःची स्टेडियमं जवळपास नाहीतच. राज्य सरकार किंवा पालिका बांधते, क्लब भाड्याने घेतो. म्हणजे खर्च वाढला की क्लबाचं काही जात नाही, तुमचं-माझं जातं.

मग अहमदाबादला ८०० कोटीत सव्वा लाखाचं कसं बसलं?

नरेंद्र मोदी स्टेडियम, २०२० मध्ये तयार, क्षमता १ लाख ३२ हजार, खर्च साधारण ८०० कोटी रुपये. खुर्चीमागे साठ हजार रुपये. टॉटनहॅमचे सोळा हजार पौंड म्हणजे, पौंड शंभर रुपये धरला तरी, सोळा लाख. फरक डोळे फिरवणारा आहे. मजुरी स्वस्त, जागा जुन्या मोटेरा स्टेडियमचीच, आणि एवढ्या मोठ्या संख्येवर भागल्यामुळे खुर्चीमागचा भाव खाली आला.

पण लगेच टाळ्या वाजवू नका. दिल्लीचं जवाहरलाल नेहरू स्टेडियम १९८२ च्या आशियाई खेळांसाठी बांधलं आणि २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी दुरुस्त केलं. नव्याने बांधलं नाही, दुरुस्त केलं. त्या दुरुस्तीवर ९६१ कोटी लागले, खुर्च्या साठ हजार. दहा वर्षं आधीच्या रुपयात, नव्या मोटेऱ्यापेक्षा जास्त! आणि आता २०२५ च्या अखेरीस तेच पाडून तिथे क्रीडानगरी उभारायचा विचार केंद्र सरकारने बोलून दाखवला. स्वस्त देशातही महाग काम करता येतं, त्यासाठी तारीख जवळ आणून ठेवली की झालं. उद्घाटनाची तारीख आधी ठरते तेव्हा रात्रपाळी, विमानाने आणलेलं सामान, घाईत उघडलेली टेंडरं, सगळ्याचं बिल एकदम येतं.

धावण्याचा ट्रॅकही टाकू, म्हणजे अ‍ॅथलेटिक्सही होईल. एका दगडात दोन पक्षी.

हा प्रश्न दर वेळी एखादे नगरसेवक विचारतातच. लंडनने हा दगड मारून पाहिला आहे. २०१२ च्या ऑलिंपिकचं स्टेडियम वेस्ट हॅम क्लबाला द्यायचं ठरलं. ट्रॅक तसाच ठेवून फुटबॉलसाठी खुर्च्या पुढे-मागे सरकतील अशी सोय करायची होती. या रूपांतराचाच खर्च १९ कोटी पौंडांच्या अंदाजावरून ३२ कोटी ३० लाखांवर गेला. क्लबाचा वाटा दीड कोटी, आणि सुरुवातीचं वार्षिक भाडं पंचवीस लाख पौंड. बाकी जनतेच्या माथी. एवढं करून प्रेक्षक म्हणतात, गोल लांब दिसतो.

आपल्याकडे बंगळूरूच्या कांतीरवापासून बालेवाडीपर्यंत बरीच स्टेडियमं ट्रॅकवालीच आहेत. ट्रॅकवर धावणाऱ्यांना प्रेक्षक कमी आणि सरावाचे तास जास्त लागतात, फुटबॉलला नेमकं उलट. दोघांना वेगळं, साधं मैदान द्यावं. दोन साधी मिळून एका भपकेबाज स्टेडियमपेक्षा स्वस्त पडतात.

दरवाजे, जिने, आगीची व्यवस्था यात काही कपात?

नाही.

१६ ऑगस्ट १९८० ला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान-ईस्ट बंगाल सामन्यात १६ प्रेक्षक गेले. १९८९ मध्ये इंग्लंडातल्या हिल्सबरोला चेंगराचेंगरी झाली, मृतांचा अंतिम आकडा ९७. त्यानंतरच्या टेलर अहवालामुळे तिथल्या वरच्या दर्जाच्या स्टेडियमांत प्रत्येकाला खुर्ची सक्तीची झाली, आणि खर्चाचा आलेख तिथूनच चढू लागला, हे खरं आहे. पण तो खर्च वसूल आहे. इंडोनेशियात २०२२ मध्ये कांजुरुहानला १३५ जण गेले, अश्रुधूर आणि बंद किंवा अरुंद दारं. आपल्याकडे ४ जून २०२५ ला बंगळूरूच्या चिन्नास्वामीबाहेर ११. ब्रिटिश नियम सांगतो की बसायच्या जागेतून आठ मिनिटांत माणूस मोकळा झाला पाहिजे. आपल्या नकाशावर तेवढं लिहून घ्या, मग लाउंजचं बोला.

बांधलं आणि रिकामं पडलं तर?

ही भीती अगदी योग्य आहे. ब्राझीलने २०१४ च्या विश्वचषकासाठी बारा स्टेडियमं सजवली. राजधानी ब्राझिलियातल्या माने गारिंचाचा खर्च ९० कोटी डॉलरपर्यंत सांगितला गेला. शहरात वरच्या साखळीतला संघ नाही. पुढच्याच वर्षी त्या आवारात बसगाड्या उभ्या राहू लागल्या. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनचं स्टेडियम २०१० साठी ४.४ अब्ज रँडला पडलं आणि नंतर वर्षानुवर्षं पालिकेला देखभालीचा तोटा सोसावा लागला.

म्हणून मला २०२६ च्या विश्वचषकाचं उदाहरण आवडतं. अमेरिका, कॅनडा, मेक्सिको मिळून १०४ सामने, सोळा मैदानं, आणि केवळ या स्पर्धेसाठी म्हणून एकही नवं बांधलेलं नाही. टोरँटोचं मैदान लहान पडत होतं तर तिथे तात्पुरते स्टँड लावायचं ठरलं, स्पर्धा संपली की काढून टाकायचे.

आपल्याला हे नवीन वाटायचं कारण नाही. ग्वाल्हेरचा व्यापार मेळा १९०५ पासून भरतो. अख्खं शहर तिथे लोटतं, गाड्या विकल्या जातात, पाळणे फिरतात, आणि मोसम संपला की पाळणेवाले सगळं उचलून पुढच्या गावाला जातात. गर्दीच्या मापाने कायमच्या भिंती घालायच्या नसतात हे मेळेवाल्यांना फार आधीपासून ठाऊक आहे.

असे लोखंडी, उचलता येणारे स्टँड सुरक्षित असतात का?

नीट आखलेले आणि दर वेळी तपासलेले असतील तर हो. कतारने २०२२ मध्ये स्टेडियम ९७४ हे तेवढ्याच शिपिंग कंटेनरांचं आणि सुट्या पोलादी भागांचं उभारलं होतं. विश्वचषकाचे सात सामने झाले तिथे. पण बांबू-बल्ल्यांच्या गॅलऱ्या म्हणजे हे नव्हे. त्यांच्यापासून चार हात लांब राहा.

दादा, आयएसएलचा संघ ग्वाल्हेरला आला तर मोठंच लागेल ना?

आधी आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, स्वतः स्थिर होऊ दे. भारतीय फुटबॉल महासंघाचा व्यावसायिक भागीदाराशी २०१० मध्ये झालेला पंधरा वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपला, आणि त्या घोळात मोसम वेळेवर सुरूच झाला नाही. अशा लीगच्या भरवशावर चाळीस हजार खुर्च्या टाकायच्या?

आणि मुंबईकडे बघा. मुंबई सिटीने २०२२-२३ ची लीग शील्ड जिंकली तेव्हा घरचं मैदान अंधेरीचं, काही हजार खुर्च्यांचं. आशियाई स्पर्धेसाठी मोठं मैदान लागलं तेव्हा २०२३ मध्ये ते पुण्याला बालेवाडीत आणि नवी मुंबईत डी. वाय. पाटीलवर जाऊन खेळले. रोजच्यासाठी लहान, मोठ्या दिवसासाठी उसनं. दीड-दोन कोटींच्या महानगराला जे पुरतं ते आपल्याला कमीपणाचं वाटायचं काय कारण?

मग तुमच्या मते ग्वाल्हेरला काय हवं?

पहिल्या टप्प्यात उत्तम ड्रेनेजचं एक मैदान, शेजारी सरावाला एक कृत्रिम टर्फ, पश्चिमेला छपराचा पाच-सहा हजारांचा स्टँड, बाकी तीन बाजूंना मातीचे बांध. दिव्यांचे खांब आत्ता आणि पाया टीव्हीच्या दिव्यांचं वजन पेलेल असा. मुलींसाठी वेगळ्या चेंजिंग रूम नकाशातच, नंतर स्टोअररूम रिकामी करून नव्हे. आणि बांधांमागे पुढच्या स्टँडची जागा मोकळी सोडायची, तिथे दुकानगाळे काढायचे नाहीत. हे शेवटचं वाक्य लिहून सही घेऊन ठेवावं असं आहे.

जागा शहरातली किंवा सरकारी असावी. खाजगी जमीन घ्यायची तर २०१३ च्या भूसंपादन कायद्याने शहरात बाजारभावाच्या दुपटीपर्यंत आणि ग्रामीण भागात चौपटीपर्यंत मोबदला द्यावा लागतो. तो रास्तच आहे, पण मग फुटबॉलला काही उरत नाही. लांब नेलं तर रस्ता, वीज, पाणी, बस हे सगळं स्टेडियमच्या बजेटात दिसत नाही, तरी खर्च होतोच.

त्यापेक्षा कॅप्टन रूपसिंह स्टेडियममध्येच फुटबॉल का नाही खेळवत? क्रिकेट तर शंकरपूरला गेलं.

हा मला सगळ्यात आवडता प्रश्न. ते स्टेडियम मुळात हॉकीचंच. नावच मेजर ध्यानचंदांच्या धाकट्या भावाचं, जे १९३२ आणि १९३६ ची ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकले आणि ग्वाल्हेर संस्थानच्या सैन्यात होते. पुढे तिथे क्रिकेट आलं. दिव्यांखाली मुंबई-दिल्ली रणजी अंतिम सामना १९९७ मध्ये तिथेच झाला, आणि २४ फेब्रुवारी २०१० ला सचिनचं द्विशतकही. एका खेळाच्या मैदानाने दुसरा खेळ पोसल्याचं उदाहरण आपल्या दारात आहे.

मापाने फुटबॉलचं मैदान आत आरामात बसतं. अडचण दोन ठिकाणी. प्रेक्षक लांब पडतील, कारण क्रिकेटची सीमारेषा गोल आणि मोठी. ते सोसता येईल, किंवा एका बाजूला तात्पुरता स्टँड पुढे आणता येईल. दुसरी अडचण मधल्या खेळपट्ट्यांची. तो मातीचा कठीण चौकोन फुटबॉलच्या ऐन मध्यावर येतो. तो तसाच ठेवून वर गवत लावलं तर पाणी मुरत नाही आणि गुडघे फुटतात. तो काढून खालपर्यंत रेतीचा थर भरावा लागेल, म्हणजे तिथे क्रिकेट पुन्हा नको असा निर्णय आधी घ्यावा लागेल. कोचीत २०१८ मध्ये याच्या उलट झालं होतं : फुटबॉलच्या मैदानात एक वनडे खेळवण्यासाठी मधला भाग खोदायची वेळ आली, फुटबॉलवाले खवळले, खुद्द सचिनने फुटबॉलचं मैदान वाचवा म्हणून सांगितलं, आणि सामना तिरुवनंतपुरमला हलवला गेला.

खर्चाचं म्हणाल तर नव्या स्टेडियमच्या तुलनेत हा किरकोळ आहे. जमीन आहे, स्टँड आहेत, दिव्यांचे खांब आहेत, शहराच्या मध्यावर आहे. स्टँडचं जुनं काँक्रीट किती पेलतं याची तपासणी मात्र आधी करून घ्यावी लागेल. काँक्रीटचे कोअर, म्हणजे गोल नमुने, कापून लॅबमध्ये पाठवायचे, अहवाल आला की त्यावर एस्टिमेट. तो अहवाल हातात येईपर्यंत मला आकडा विचारू नका.